फोर्थला पाऊणकी शिकवू या: जुन्या डेबियनवर भाषा बांधण्याची कृती

मालवणच्या अलीकडे, किनाऱ्यालगतच्या आमच्या गावातल्या वाचनालयात पेंटियम ४ चं एक यंत्र आहे. मेमरी ५१२ एमबी, त्यावर डेबियन ६ ही लिनक्स प्रणाली. बरीच वर्षं ते प्लॅस्टिकखाली झाकून पडलं होतं. आजची बहुतेक संकेतस्थळं त्यावर उघडत नाहीत, आणि इंटरनेटविना संगणकाचं करायचं काय, हे कुणाला सुचत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मी त्यावर फोर्थ या प्रोग्रॅमिंग भाषेचा इंटरप्रिटर (लिहिलेले हुकूम वाचून चालवणारा प्रोग्रॅम) मूळ सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडापासून, बांधला आणि त्याला मराठी शब्द शिकवले. आता तिथी दिली की ते यंत्र भरती-सुकतीची (सुकती म्हणजे ओहोटी) वेळ मराठीत छापतं. ही सगळी कृती इथे सुरुवातीपासून लिहितो आहे. तुमच्याकडे, शाळेत किंवा एखाद्या काकांच्या माळ्यावर असं यंत्र असेल तर ते भंगारात घालण्याआधी एवढं करून पाहा. खर्च एका बटन-सेलचा.

टंकण्याबद्दल आधीच सांगतो. लेखात संगणकाचे हुकूम मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि एकेरी अवतरणात दिले आहेत. यंत्रावर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायचे. कोडातले मराठी शब्द मात्र खरोखर मराठीतच टंकायचे आहेत. कोडातले आकडे मुद्दाम इंग्रजी अंकांत ठेवले आहेत, त्याचं कारण पुढे येईल.

फोर्थच का

मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'पाच आणि सात मिळव, उत्तर दाखव' असं आपण म्हणतो. फोर्थही असंच बोलते: आधी वस्तू, मग कृती. त्यामुळे तिच्यात

5 7 मिळव दाखव

ही ओळ नुसती समजण्यापुरती मराठी नसते. 'मिळव' आणि 'दाखव' हे दोन शब्द शिकवले की ती जशीच्या तशी चालते. बहुतेक प्रचलित भाषांत 'छाप' हे आधी येतं आणि काय छापायचं ते नंतर कंसात. मुलांना तो क्रम शिकवताना माझे दोन तास जायचे. फोर्थमध्ये ते दोन तास वाचले.

दुसरं कारण असं की फोर्थला व्याकरण जवळजवळ नाहीच. मोकळ्या जागेने तोडलेले शब्द ती डावीकडून उजवीकडे वाचते. शब्द ओळखीचा असेल तर त्याचं काम करते, नसेल तर तो आकडा आहे का ते पाहते, आणि आकडाही नसेल तर थांबते. शब्दाच्या नावात कोणती अक्षरं असावीत यावर तिचं बंधन नाही, म्हणून देवनागरी नावंही चालतात.

ही भाषा चार्ल्स मूर यांनी घडवली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेची रेडिओ दुर्बीण चालवण्यासाठी ती वापरात आली, आणि १९९४ मध्ये तिचं एएनएसआय (अमेरिकेतली मानक संस्था) प्रमाणक ठरलं. आपल्याकडेही ती एकदा येऊन गेली आहे. २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यातल्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्या लॅपटॉपचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, ओपन फर्मवेअर, फोर्थमध्येच लिहिलेलं होतं.

फोर्थचे इंटरप्रिटर अनेक आहेत. मी फिल बर्क यांचा पीफोर्थ निवडला. तो साध्या सी भाषेत लिहिलेला आहे आणि त्याला सी कंपायलर (सोर्सपासून यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) व 'मेक' याखेरीज काही लागत नाही. जुन्या यंत्रावर ही गोष्ट सोन्यासारखी. बाकीची सॉफ्टवेअरं बांधायला गेलं की एक लायब्ररी दुसरी मागते, दुसरी तिसरी, आणि तिसरी २०१८ नंतरची निघते.

आधी यंत्र धड करा

खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, यांनी किनाऱ्यावरच्या संगणकाचे सांधे धरतात. यंत्र सुरू करताना नुसतं बीप-बीप करत राहिलं तर बहुधा मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडलेले असतात. वीज काढा, पट्टी बाहेर काढा, दात मऊ खोडरबराने हलके पुसा, चुरा ब्रशने झाडा आणि पट्टी पुन्हा दोन्ही बाजूंच्या खटक्या लागेपर्यंत दाबून बसवा. आमचं यंत्र एवढ्यानेच जागं झालं.

मग घड्याळ. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल इतक्या वर्षांत संपलेलाच असतो, आणि मग यंत्र दर वेळी आपली तारीख वीस वर्षं मागे नेतं. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण इंटरप्रिटर बांधताना हीच आडवी येते. 'मेक' हा प्रोग्रॅम फाईलींच्या तारखा पाहून कोणती फाईल नव्याने कंपाइल करायची ते ठरवतो. सोर्सच्या फाईली अलीकडच्या आणि यंत्राचं घड्याळ २००३ मध्ये असेल, तर प्रत्येक फाईल त्याला भविष्यातली दिसते. मग तो घड्याळ चुकल्याची सूचना देतो आणि काम अर्धवट राहिलं असण्याची शक्यताही सांगतो. म्हणून सेल बदला, तारीख-वेळ लावा, आणि मगच पुढे जा.

डेबियन ६ फेब्रुवारी २०११ मध्ये आलं आणि त्याचा दीर्घकालीन आधार फेब्रुवारी २०१६ मध्ये संपला. तेव्हापासून त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून हे यंत्र नेटला जोडायचंच नाही. जोडूनही फारसं काही हाती लागत नाही, कारण त्यातला ब्राउझर आजच्या सुरक्षित जोडणीची भाषा बोलत नाही.

कंपायलर डीव्हीडीवरून घ्या

डेबियन ६ च्या पहिल्या डीव्हीडीवर कंपायलर असतो. तीच डीव्हीडी हाताशी असेल तर पुढचं सगळं नेटविना होतं. टर्मिनल उघडा, 'सु' टंकून मुख्य पासवर्ड द्या. डीव्हीडी आत घालून 'ॲप्ट-सीडीरॉम ॲड' हा हुकूम द्या, म्हणजे यंत्राला डीव्हीडीवर काय काय आहे ते कळतं. मग 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'. यात जीसीसी ४.४ आणि 'मेक' दोन्ही येतात. डीव्हीडीऐवजी पॅकेज नेटवरून मागवायला तो अडून बसला, तर 'सोर्सेस डॉट लिस्ट' या फाईलीतल्या नेटच्या पत्त्यांच्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाका. त्या ओळी त्याला दिसेनाशा होतात आणि तो डीव्हीडीकडे वळतो.

शेवटी 'जीसीसी', मोकळी जागा, मग दोन डॅश जोडून 'व्हर्जन' टंका. आवृत्ती छापली गेली की झालं. आता 'एक्झिट' टंकून मुख्य वापरकर्त्यातून बाहेर या. पुढची सगळी कामं साध्या वापरकर्त्याने करायची.

सोर्स आणणे

पीफोर्थचा सोर्स गिटहबवर आहे. तो फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने इथे आणा. यात तीन खोड्या आहेत, आणि त्या मी एकेक करून अनुभवल्या.

फोन केबलने थेट जोडला तर डेबियन ६ ला बहुधा तो दिसत नाही, कारण आजचे फोन ज्या पद्धतीने फाईली देतात ती त्याला येत नाही. पेनड्राइव्हच घ्या. तो एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असू द्या, कारण मोठ्या पेनड्राइव्हवर असणारी एक्सएफएटी पद्धत हे यंत्र वाचत नाही. आणि सोर्स पेनड्राइव्हवरच उलगडून तिथेच बांधायला बसू नका. एफएटी ३२ वर 'ही फाईल चालवण्याजोगी आहे' अशी खूण धड राहत नाही, त्यामुळे बांधलेला इंटरप्रिटर चालवताना परवानगी नाकारल्याचा निरोप येऊ शकतो. टार-जीझेड प्रकारची फाईल आपल्या होम फोल्डरात कॉपी करा आणि तिथेच उलगडा.

बांधणी

उलगडलेल्या फोल्डरात 'प्लॅटफॉर्म्स' आणि त्याच्या आत 'युनिक्स' असं फोल्डर आहे. जुन्या आवृत्तीत हेच 'युनिक्स' फोल्डर 'बिल्ड'च्या आत असतं. टर्मिनलमध्ये 'सीडी'ने तिथे जा आणि टंका: 'मेक ऑल'.

आता पडद्यावर काय चाललंय ते नीट पाहा, या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. आधी सी भाषेतल्या फाईली एकेक करून कंपाइल होतात आणि 'पीफोर्थ' नावाचा एक अर्धाकच्चा प्रोग्रॅम तयार होतो. त्याला थोडेच मूळ शब्द येतात. लगेच त्याच अर्ध्याकच्च्या प्रोग्रॅमला फोर्थमध्ये लिहिलेल्या फाईली वाचायला दिल्या जातात. त्या वाचता वाचता तो उरलेली भाषा स्वतःच शिकतो आणि शिकलेले शब्द एका डिक्शनरी फाईलीत लिहून ठेवतो. शेवटी ती डिक्शनरी पुन्हा सी भाषेतल्या आकड्यांच्या रूपात आत घालून 'पीफोर्थ, अंडरस्कोर, स्टँडअलोन' हा एकसंध प्रोग्रॅम बनतो. त्याला सोबत दुसरी कोणतीही फाईल लागत नाही. पोर जशी पहिली दहा अक्षरं शिकून मग पुस्तकातून पुढची भाषा स्वतः वाचत शिकतं, तसं इथे डोळ्यांदेखत घडतं. शिकवणाऱ्याने मुलांना हे टप्पे थांबून दाखवावेत.

पेंटियम ४ वर हे सगळं चहा होईपर्यंत आटपतं. मधे 'वॉर्निंग' असा शब्द आला तर घाबरू नका. 'एरर' आला आणि काम थांबलं तरच वर जाऊन पहिली चूक वाचा. शेवटची चूक बहुतेक वेळा पहिल्या चुकीची सावली असते.

तपासणी अशी करा. टिंब, तिरपी रेघ आणि लगेच स्टँडअलोनचं नाव टंकून तो सुरू करा, आणि ही ओळ द्या:

3 4 + .

सात आणि 'ओके' आलं की तुमच्या हातात एक पूर्ण भाषा आहे. आता नुसतं '3 4' टंकून एंटर करा. पीफोर्थ आपल्या चळतीवर काय राहिलं आहे ते दाखवेल. फोर्थची चळत म्हणजे कौलांच्या चळतीसारखीच: शेवटी ठेवलेलं कौल आधी हातात येतं. '+' वरची दोन कौलं उचलतो आणि बेरजेचं एक कौल परत ठेवतो. टिंबाचा शब्द वरचं कौल उचलून छापतो. शब्दांची यादी पाहायला 'वर्ड्स', बाहेर पडायला 'बाय'.

इंटरप्रिटरचं हे स्टँडअलोन होम फोल्डरात 'फोर्थ' नावाचं नवं फोल्डर करून तिथे कॉपी करा. आपल्या फाईलीही तिथेच ठेवू.

मराठी टंकायची सोय

डेबियन ६ मध्ये देवनागरी फॉन्ट आधीपासून नसेल तर डीव्हीडीवरून 'टीटीएफ-इंडिक-फॉन्ट्स' हे पॅकेज घाला. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इंडिया निवडलं की इन्स्क्रिप्ट मिळतो. शाळेत इन्स्क्रिप्ट शिकलेल्या मुलांना तो ओळखीचाच असतो.

कोड मात्र टर्मिनलमध्ये टंकू नका. त्या काळच्या टर्मिनलमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं मोडलेली दिसतात, आणि पीफोर्थ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांची असते. बॅकस्पेस मारला की एकच बाइट जातो आणि मागे अर्धं अक्षर उरतं. म्हणून जीएडिट हा साधा संपादक उघडा, त्यात लिहा, यूटीएफ-८ मध्ये साठवा. तिथे मराठी नीट दिसतं. फाईलींची नावं रोमनमध्ये ठेवा.

पहिली फाईल: मराठी शब्द

फाईलीला 'मराठी डॉट एफटीएच' असं नाव द्या. फोर्थमध्ये नवा शब्द शिकवायचा तर कोलन, मोकळी जागा, नाव, मग त्याचा अर्थ, आणि शेवटी मोकळी जागा सोडून सेमीकोलन.

: मिळव + ;
: वजा - ;
: गुणा * ;
: भागा / ;
: दाखव . ;
: पुन्हा डीयूपी ;
: सोड ड्रॉप ;
: भागबाकी /मॉड ;
: अंतर एबीएस ;
: ओळ सीआर ;

पहिल्या पाच ओळी इथे दिसतात तशाच टंका. पुढच्या पाचांत मधला शब्द रोमन आहे: 'डीयूपी' वरचं कौल दुप्पट करतो, 'ड्रॉप' ते फेकतो, तिरपी रेघ जोडलेला 'मॉड' (एम, ओ, डी) भागाकार करून खाली बाकी आणि वर भाग ठेवतो, 'एबीएस' ऋण चिन्ह काढतो, 'सीआर' नवी ओळ सुरू करतो.

'जर', 'नाहीतर' आणि फेऱ्या यांच्यासाठी थोडी वेगळी रीत लागते (इथेही 'पोस्टपोन'पासूनचे शब्द रोमन):

: जर पोस्टपोन इफ ; इमिजिएट
: नाहीतर पोस्टपोन एल्स ; इमिजिएट
: संपले पोस्टपोन देन ; इमिजिएट
: फेरी पोस्टपोन डू ; इमिजिएट
: परत पोस्टपोन लूप ; इमिजिएट
: क्रम पोस्टपोन आय ; इमिजिएट

कारण सांगतो. कोलनपासून सेमीकोलनपर्यंत फोर्थ शब्द चालवत नाही, नुसते नोंदवत जाते. पण 'इफ' हा शब्द नोंदवतानाच चालावा लागतो, कारण उडी कुठून कुठे मारायची ते त्याला तेव्हाच आखायचं असतं. 'इमिजिएट' म्हणजे 'नोंदवतानाच चालव'. आणि 'पोस्टपोन' म्हणजे 'आत्ता नको, "जर" हा शब्द चालेल तेव्हा'.

'क्रम'च्या ओळीपाशी थांबा. ती ': क्रम आय ;' अशी साधी लिहिली तर चूक दिसत नाही, पण उत्तरं भलतीच येतात. फेरीचा आकडा फोर्थ दुसऱ्या एका चळतीवर, परतीच्या चळतीवर, ठेवते. 'क्रम' हा वेगळा शब्द म्हणून बोलावला की कुठे परतायचं तो पत्ता त्याच चळतीवर वर येऊन बसतो, आणि 'आय' आकड्याऐवजी तो पत्ता उचलतो. हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

मूळ फोर्थमध्ये 'इफ'चा शेवट 'देन' या शब्दाने होतो, आणि इंग्रजी जाणणाऱ्यांनाही तो उलटा वाटतो. आपण 'संपले' म्हटलं आणि वाक्य सरळ झालं.

दुसरी फाईल: भरती

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा (पाऊणपटीचा हा पाढा म्हणजेच पाऊणकी), तेवढे वाजता भरती. शुक्ल असो वा कृष्ण, प्रतिपदा १, पौर्णिमा किंवा अमावास्या १५. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. यामागे चंद्र आहे: तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, आणि पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबाला सोयीचा आकडा. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे भरतीपासून सुकती सुमारे सव्वासहा तासांनी.

ही ढोबळ रीत आहे. खाडी, वारा, जागा यांनी वेळ मागे-पुढे होते. होडी बाहेर काढायची असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकंच पाहा.

नवी फाईल उघडा, पहिल्या ओळीत 'इन्क्लूड' आणि मराठी शब्दांच्या फाईलीचं नाव द्या. त्याखाली:

: मिनिटे 45 गुणा ;
: गुंडाळ 1440 भागबाकी सोड ;
: वेळसांग 60 भागबाकी दाखव
  ." वाजून " दाखव ." मिनिटे" ओळ ;
: भरती मिनिटे वेळसांग ;
: सुकती मिनिटे 372 मिळव गुंडाळ वेळसांग ;
: दिवस पुन्हा ." भरती " भरती
  ." सुकती " सुकती ;
15 दिवस

शेवटी 'बाय'. टिंब आणि दुहेरी अवतरण जोडून जो शब्द होतो तो पुढचा मजकूर छापतो. त्याच्यानंतर एक मोकळी जागा हवीच.

पंधरासाठी हिशेब हाताने करून पाहा. १५ गुणिले ४५ म्हणजे ६७५ मिनिटं. ६० ने भागल्यावर वर ११, खाली १५. 'दाखव' आधी ११ छापतो, मग 'वाजून', मग उरलेले १५. सुकतीला ३७२ मिनिटं, म्हणजे ६ तास १२ मिनिटं मिळवली की १०४७, म्हणून १७ वाजून २७ मिनिटे. 'गुंडाळ' मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळेसाठी आहे. दुसरी सुकती काढायला ३७२ च्या जागी १११७ घाला. पौर्णिमेला १७९२ मिनिटं होतात, त्यातून दिवसाची १४४० गेली की पहाटेचे ५ वाजून ५२.

चालवताना टर्मिनलमध्ये स्टँडअलोनचं नाव, मोकळी जागा आणि भरतीच्या फाईलीचं नाव द्या. टर्मिनलमध्ये अक्षरं मोडकी दिसली तर त्याच ओळीपुढे 'मोठे आहे'चं चिन्ह आणि एका नव्या फाईलीचं नाव टंका. सगळं छापील त्या फाईलीत जातं, ती जीएडिटमध्ये उघडली की मराठी शुद्ध दिसतं.

हे पहिल्यांदा चाललं त्या सकाळी रापणीवरचे एक आजोबा पेपर वाचायला आले होते. मागे उभे राहून म्हणाले, "ह्यां मशीन भरती सांगता काय?"

"सांगता आजोबानू. तिथी सांगा."

"पंचमी."

मी फाईलीत पंधराच्या जागी पाच केलं, साठवलं, चालवलं. तेवढ्यात ते पुटपुटले, "पाच पाऊण पावणेचार." पडद्यावर आलं: भरती 3 वाजून 45 मिनिटे. "बरोबर आसा," ते म्हणाले, आणि पुढे, "भांग की उधान, तां सांगता?"

तेव्हा सांगत नव्हतं. आता सांगतं:

: जोर 8 वजा अंतर 3 <
  जर ." भांग" नाहीतर ." उधाण" संपले ओळ ;

अष्टमीच्या दोन-दोन दिवस इकडेतिकडे भांग, म्हणजे कमी जोराची भरती, बाकीचे दिवस उधाणाच्या बाजूचे. भरतीचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो, तेवढी सुधारणा तुम्ही करून पाहा.

आणि पूर्ण पंधरवड्याचा तक्ता:

: पाऊणकी 16 1 फेरी
  क्रम दाखव क्रम भरती परत ;

फाईलीत खाली नुसतं 'पाऊणकी' लिहिलं की पंधरा ओळी छापल्या जातात. आधी शेवट, मग सुरुवात, आणि शेवटचा आकडा फेरीत धरला जात नाही, म्हणून १६.

कुठे अडतं

यंत्राने शब्द छापून पुढे प्रश्नचिन्ह दाखवलं की तो शब्द त्याला माहीत नाही. शब्द तर बरोबर दिसतो आहे, मग बिनसलं कुठे? बहुतेक वेळा ते डोळ्यांना दिसत नाही अशा जागी असतं.

फाईल विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ करून साठवली तर तो सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालतो, आणि पहिल्या ओळीतला पहिला शब्द अनोळखी होतो. जीएडिटमध्ये नवी फाईल करून मजकूर हाताने टंका. देवनागरी अंकांचंही असंच: '४५' हा फोर्थला आकडा वाटत नाही, अनोळखी शब्द वाटतो. हवं तर ': ४५ 45 ;' असं तिला शिकवता येतं, तेही गंमत म्हणून मुलांनी केलं.

खरी कठीण गाठ 'ऱ्या'ची. 'दुसऱ्या' हा शब्द मी लिहिला होता, आणि एका मुलीने तो तिच्या फोनवर लिहून आणला होता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, तरी तिचा शब्द यंत्र ओळखेना. 'हेक्सडंप' या हुकुमाने बाइट पाहिले तेव्हा उलगडलं. मी नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त लिहिला होता, सहा बाइट. तिच्या फोनने साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घातलं होतं, नऊ बाइट. मराठीच्या दृष्टीने दोन्ही एकच, इंटरप्रिटरच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. शब्दांच्या नावांत 'ऱ्या', 'ऱ्ह' टाळा, हेच बरं.

नावं आखूडही ठेवा. पीफोर्थमध्ये नावाला ३१ बाइटांची जागा आहे, म्हणजे काना-मात्रा धरून देवनागरीची दहा चिन्हं. 'पाऊणकी' सहा चिन्हांत बसते, 'वेळसांग' सातांत, 'दुसऱ्याभरतीचीवेळ' सोळांत जाते आणि बसत नाही. ओळीलाही २५६ बाइटांची मर्यादा आहे; ऐंशी मराठी चिन्हांच्या आत ओळ मोडा. वरच्या व्याख्या मी दोन ओळींत लिहिल्या त्या याचसाठी. टिप्पणी लिहायची तर उलटी तिरपी रेघ, मोकळी जागा, आणि पुढे ओळीच्या शेवटपर्यंत काहीही.

शिकवलेलं जपून ठेवणे

दर वेळी फाईली वाचून घ्यायच्या नसतील तर मराठी शब्दांसकट सगळी भाषा साठवता येते. आधी भरतीच्या फाईलीतली 'बाय'ची ओळ काढून टाका. मग स्टँडअलोन सुरू करून 'इन्क्लूड'ने ती फाईल वाचून घ्या. आता 'सी' आणि दुहेरी अवतरण जोडून टंका, मोकळी जागा सोडा, नव्या डिक्शनरीचं नाव लिहून अवतरण बंद करा, आणि पुढे 'सेव्ह-फोर्थ'. पुढच्या वेळी बांधणीच्या फोल्डरातला साधा 'पीफोर्थ' डॅश आणि 'डी' यांना लागूनच डिक्शनरीचं नाव देऊन चालवा. 'मिळव'पासून 'पाऊणकी'पर्यंत सगळे शब्द तयार असतात.

ही डिक्शनरी पेनड्राइव्हवरही ठेवा. दुसऱ्या ३२ बिटी पेंटियमवर, तीच पीफोर्थची आवृत्ती असेल तर, ती तशीच चालते. ६४ बिटी यंत्रावर नेऊन उपयोग नाही. तिथे दोन्ही सोर्स फाईली न्या आणि पीफोर्थ नव्याने बांधा.